तुंबलेले मूत्रपिंड मोकळे करताना: पाठीतली नळी, आतला स्टेंट आणि त्यांची निगा

सोनोग्राफीच्या अहवालात ‘हायड्रोनेफ्रोसिस’ हा शब्द आला, की रुग्णाला बहुधा ‘किडनीला सूज आली आहे’ असे सांगितले जाते. मुका मार लागल्यावर येते तशी ही सूज नसते. मूत्रपिंडात तयार झालेली लघवी खाली उतरायला वाट मिळत नाही, ती आतच साठते आणि तिच्या दाबाने मूत्रपिंडातला पोकळ भाग फुगतो, असा तिचा अर्थ आहे. या पोकळीत एरवी जेमतेम काही मिलिलिटर लघवी मावते, तर दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला साधारण दीड लिटर लघवी तयार करतात. त्यामुळे वाट बंद झाली, की दाब चढायला वेळ लागत नाही. दाब चढला, की रक्त गाळण्याचे काम मंदावते, पुढे मूत्रपिंडाकडे येणारे रक्तही कमी होते आणि अडथळा तसाच राहिला, तर लघवी तयार करणारा मांसल भाग हळूहळू पातळ होत जातो. पूर्ण अडथळा काही दिवसांत सुटला, तर मूत्रपिंड बहुतेक पूर्ववत होते. तो सहा आठवड्यांच्या पलीकडे गेला, तर गमावलेले काम फारसे परत मिळत नाही.

अडथळ्याची कारणे अनेक असतात. मूत्रवाहिनीत, म्हणजे मूत्रपिंडातून मूत्राशयात लघवी नेणाऱ्या नळीत, अडकलेला मुतखडा हे त्यांतले सर्वांत परिचित कारण आहे. त्याखेरीज मूत्रपिंड व मूत्रवाहिनी यांच्या सांध्यावरचा जन्मजात अरुंदपणा, गर्भाशयमुख, प्रोस्टेट किंवा मूत्राशय यांचा कर्करोग, आधीच्या शस्त्रक्रियेत मूत्रवाहिनीला झालेली इजा आणि पोटाच्या मागच्या भागातील ऊतकांचा कडकपणा यांमुळेही वाट बंद होते. कारण कोणतेही असो, ते मुळापासून दूर करणे आणि साठलेली लघवी बाहेर काढणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि या लेखात दुसऱ्या कामाविषयी सांगायचे आहे. मूत्रपिंड मोकळे झाले म्हणजे आजार बरा झाला असे नाही. मात्र ते वेळेवर मोकळे झाले नाही, तर मूळ आजारावर उपचार करायला मूत्रपिंडच शिल्लक राहत नाही आणि कधी कधी रुग्णही हाती लागत नाही.

पूर्वी यासाठी कूस उघडून शस्त्रक्रिया करावी लागे. विलार्ड गुडविन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५५ साली त्वचेतून सुई घालून फुगलेल्या मूत्रपिंडात नळी बसवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९५३ साली, स्वीडनच्या स्वेन सेल्डिंगर यांनी आधी सुई, सुईतून तार आणि तारेवरून नळी हा क्रम रक्तवाहिन्यांसाठी मांडला होता, आणि आज मूत्रपिंडात नळी घालताना तोच क्रम पाळला जातो. दुसरी वाट खालून जाते. १९७८ साली रॉय फिनी यांनी दोन्ही टोकांना इंग्रजी जे अक्षरासारखी वळणे असलेला स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीत आतच ठेवायची बारीक पोकळ नळी, वर्णन केला, आणि तेव्हापासून ‘डीजे’ (डबल जे) स्टेंट हा शब्द रुग्णालयात सर्वांच्या तोंडी बसला आहे. ही दोन्ही कामे प्रशिक्षित हातांनी, योग्य यंत्रांच्या साहाय्यानेच करायची असतात. पुढचे विवेचन रुग्णाला, त्याच्या घरच्यांना आणि या कामात नव्याने उतरलेल्या परिचारकांना व निवासी डॉक्टरांना प्रत्येक टप्प्यावर काय घडते, का घडते आणि कुठे सावध राहायचे, हे कळावे म्हणून आहे.

घाई कधी करायची

सर्वांत आधी ताप आहे का, हे पाहावे. अडथळा आणि जंतुसंसर्ग एकत्र आले, तर ती तातडीची स्थिती समजावी आणि पुढचा विचार दिवसांत न करता तासांत करावा. बंद पोकळीतली लघवी नासते, तिचा पू होतो आणि दाबामुळे जंतू थेट रक्तात शिरतात. अशा वेळी शिरेतून दिलेले प्रतिजैविक त्या पोकळीत पुरेशा प्रमाणात पोहोचत नाही, कारण ते तिथे नेणारे गाळण्याचे कामच थंडावलेले असते. म्हणून ‘आधी औषधे देऊन पाहू, ताप उतरला नाही तर उद्या नळीचे बघू’ हा विचार घातक ठरू शकतो. औषधे लगेच सुरू करावीत आणि त्याच वेळी नळीची तयारीही करावी.

येथे एक फसवी गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. एका बाजूची वाट पूर्ण बंद असेल, तर त्या बाजूची पूमिश्रित लघवी मूत्राशयात उतरतच नाही. रुग्ण तपासणीला जी लघवी देतो ती दुसऱ्या, निरोगी मूत्रपिंडाची असते आणि तिचा अहवाल स्वच्छ येऊ शकतो. त्या अहवालावर विसंबून कोणी निर्धास्त होऊ नये. वृद्ध, मधुमेही आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांत तापही नसू शकतो. थंडी वाजून येणे, श्वास जलद होणे, रक्तदाब उतरणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे ही लक्षणे अशा रुग्णांत अधिक बोलकी असतात.

तापाव्यतिरिक्त आणखी काही प्रसंगी विलंब करता येत नाही. एकच मूत्रपिंड असून तेच तुंबले असेल, दोन्ही बाजू एकाच वेळी बंद झाल्या असतील, लघवी जवळजवळ थांबली असेल, रक्तातले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम घटले की वाढणारा घटक) चढत असेल किंवा पोटॅशियम धोक्याच्या पातळीकडे जात असेल, तर निर्णय त्याच दिवशी व्हायला हवा. भरपूर वेदनाशामक देऊनही न थांबणारी कळ आणि त्यासोबतच्या सततच्या उलट्या, हेही नळी घालण्याचे रास्त कारण आहे.

याउलट, मूत्रवाहिनीत लहानसा खडा आहे, ताप नाही, दुसरे मूत्रपिंड चांगले आहे, क्रिएटिनिन ठीक आहे आणि कळ औषधाने थांबते, अशा रुग्णाला नुसत्या अहवालातल्या ‘सूज’ या शब्दामुळे नळी घालण्याची गरज नसते. ठरलेल्या मुदतीत पुन्हा सोनोग्राफी करून वाट पाहता येते. कर्करोग शेवटच्या टप्प्यात असताना निर्णय अधिक नाजूक होतो. नळीने आयुष्य किती वाढेल, तो काळ रुग्णालयात जाईल की घरी, आणि पाठीला कायमची पिशवी वागवणे रुग्णाला स्वतःला मान्य आहे का, हे त्याच्याशी मोकळेपणाने बोलून ठरवावे. क्रिएटिनिनचा आकडा सुधारणे एवढेच उद्दिष्ट असेल, तर ते पुरेसे कारण आहे असे मला वाटत नाही.

सुई हातात घेण्याआधी आणखी एक तपासणी करावी, आणि ती फार साधी असल्यामुळेच विसरली जाते. दोन्ही मूत्रपिंडे फुगलेली दिसली, तर मूत्राशय भरलेले आहे का ते पाहावे. प्रोस्टेट वाढल्यामुळे लघवी मूत्राशयातच तुंबली असेल, तर मूत्रमार्गातून घातलेल्या साध्या कॅथेटरने वरची दोन्ही मूत्रपिंडे मोकळी होऊ शकतात आणि पाठीत सुई घालण्याची वेळच येत नाही.

दोन वाटांतली कोणती निवडावी

पाठीच्या बाजूने, त्वचेतून थेट मूत्रपिंडात नळी घालण्याला नेफ्रोस्टॉमी म्हणतात. रुग्णालयात तिला ‘पीसीएन’ असेही म्हटले जाते. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, मूत्राशयातल्या मूत्रवाहिनीच्या तोंडातून वर स्टेंट सरकवणे हा दुसरा मार्ग आहे. यांतला कोणता श्रेष्ठ, यावर डॉक्टरांमध्येही हिरिरीने मते मांडली जातात. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खड्यामुळे अडथळा आणि जंतुसंसर्ग झालेल्या ४२ रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी करून हे दोन मार्ग ताडून पाहिले गेले. ताप उतरणे आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी पूर्वपदावर येणे, या दोन्ही कसोट्यांवर कोणताही एक मार्ग सरस ठरला नाही. तेव्हा जिथे जो मार्ग लवकर आणि सुरक्षितपणे उपलब्ध असेल तो घ्यावा, हे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या मार्गाचा तज्ज्ञ सकाळी येईल म्हणून पू भरलेले मूत्रपिंड रात्रभर तसेच ठेवणे योग्य नाही.

तरीही काही परिस्थितींत पारडे एका बाजूला झुकते. रक्त गोठण्यात दोष असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे थांबवता येत नसतील, तर स्टेंट अधिक सुरक्षित असतो, कारण त्यात मूत्रपिंडाच्या ऊतकाला भोक पाडावे लागत नाही. रुग्ण इतका अस्थिर असेल की भूल देणे धोक्याचे आहे, तर केवळ जागा बधिर करून नेफ्रोस्टॉमी करता येते. घट्ट पू असेल, तर अरुंद स्टेंटपेक्षा पाठीतली रुंद नळी बरी पडते आणि ती धुताही येते. बाहेरून दाबणाऱ्या कर्करोगात स्टेंट आत असूनही मूत्रवाहिनी पुन्हा दबून बंद पडण्याचे प्रमाण अधिक असते, आणि मूत्राशयातच गाठ असेल, तर दुर्बिणीला मूत्रवाहिनीचे तोंडच सापडत नाही. गर्भवतीत दोन्ही मार्ग वापरता येतात. मात्र क्ष-किरण शक्य तितके टाळून सोनोग्राफीवर भर द्यावा लागतो आणि स्टेंटवर क्षार लवकर जमत असल्यामुळे तो चार ते सहा आठवड्यांनी बदलावा लागतो.

पूर्वतयारी

रक्तातील हिमोग्लोबिन, प्लेटलेट, आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप), क्रिएटिनिन आणि पोटॅशियम यांचे अहवाल हाती हवेत. नेफ्रोस्टॉमीसाठी प्लेटलेट ५०,००० च्या वर आणि आयएनआर साधारण १.५ पर्यंत असावा असे पाहतात. रुग्ण घेत असलेल्या प्रत्येक औषधाची यादी नातेवाइकांनी लिहूनच द्यावी. हृदयात स्टेंट बसवलेला रुग्ण क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ करणारी गोळी) घेत असतो आणि घाईत ते सांगायचे राहून जाते. नियोजित प्रक्रियेसाठी ते साधारण पाच दिवस आधी थांबवतात, पण तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञाशी बोलूनच घ्यावा. घरच्यांनी आपल्या मनाने गोळी बंद करू नये. तातडीच्या वेळी पाच दिवस थांबणे शक्य नसते. तेव्हा रक्तस्रावाचा धोका आणि जंतुसंसर्गाचा धोका यांची तुलना करून पुढे जावे लागते.

पोटॅशियम फार वाढले असेल, तर आधी ते औषधांनी, वेळ पडल्यास डायलिसिसने, खाली आणावे. पालथे झोपवलेल्या रुग्णाच्या हृदयाची लय बिघडली, तर त्याला सावरणे अवघड जाते. रक्ताचे नमुने कल्चरसाठी (जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीसाठी) काढून मगच प्रतिजैविकाचा पहिला डोस द्यावा, पण नमुन्यासाठी डोस रेंगाळू देऊ नये. गर्भधारणेची शक्यता, कॉन्ट्रास्टची (क्ष-किरण चित्रात पोकळी दिसावी म्हणून सोडायच्या द्रवाची) किंवा बधिर करणाऱ्या औषधाची पूर्वी आलेली ॲलर्जी आणि दम्याचा त्रास हे प्रश्न विचारायलाच हवेत. बाजूची खात्री ही शेवटची पायरी समजावी. उजवी की डावी, हे रुग्ण जागा असतानाच त्याच्या तोंडून ऐकून त्वचेवर खूण करावी आणि ती सोनोग्राफीशी ताडून पाहावी.

पाठीतून नळी कशी बसवतात

रुग्णाला पालथे किंवा किंचित कुशीवर झोपवतात आणि पोटाखाली उशी देतात. ज्याला धाप लागते त्याला पालथे झोपणे सोसवत नाही. ते त्याने आधीच सांगावे, म्हणजे कुशीवर काम करता येते. सोनोग्राफीत फुगलेले मूत्रपिंड काळ्या, फांद्या फुटलेल्या डबक्यासारखे दिसते. सुई कोणत्या फांदीत न्यायची, हा या कामातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय आहे. शक्यतो खालच्या भागातली, पाठीकडे तोंड असलेली फांदी निवडतात. मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या पुढून आणि मागून अशा दोन गटांनी येतात आणि त्यांच्या सीमेवर मोठ्या वाहिन्या विरळ असतात. मॅक्स ब्रोडेल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा पट्टा दाखवून दिला आणि तो आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पाठीच्या बाहेरच्या अंगाने तिरकी गेलेली सुई या पट्ट्यातून शिरते. मधल्या मोठ्या पोकळीत थेट सुई मारणे सोपे दिसते, पण ते टाळतात. तिथे मोठ्या रक्तवाहिन्या जवळ असतात आणि नळीभोवती घट्ट बसणारे ऊतक नसल्यामुळे लघवी बाजूने झिरपत राहते. शेवटच्या बरगडीच्या वरून गेल्यास फुप्फुसाच्या आवरणाला इजा होऊ शकते, म्हणून वाट बरगडीखालून ठेवतात.

त्वचा निर्जंतुक करून लिडोकेनचे इंजेक्शन देतात. ते केवळ कातडीत देऊन भागत नाही, कारण मूत्रपिंडाभोवतीचे पातळ आवरण फार संवेदनशील असते. औषध तिथपर्यंत पोहोचवले, तर पुढचा त्रास पुष्कळ कमी होतो. रुग्णाला सुईची पहिली चुरचूर आणि नंतर खोलवर दाब जाणवतो. श्वासाबरोबर मूत्रपिंड वरखाली सरकते, त्यामुळे ‘श्वास रोखा’ असे सांगितले, की तो तसाच रोखून धरावा, मोठा श्वास घेऊन हलू नये. या काही सेकंदांत सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर पांढऱ्या रेषेसारखी पुढे सरकते, मूत्रपिंडाची कड किंचित आत दबते आणि एका क्षणी प्रतिकार सुटल्याचे बोटांना कळते.

सुईच्या आतली बारीक सळई काढली, की पहिला थेंब येतो. तो कसा आहे हे नीट पाहावे. पिवळसर, पारदर्शक लघवी आली, तर मनावरचा ताण हलका होतो. गढूळ, दुधाळ किंवा दुर्गंधीयुक्त द्रव दाबाने उसळला, तर आत पू आहे हे कळते आणि त्या घडीपासून हात अधिक हळुवार चालवावा लागतो. पहिले काही मिलिलिटर निर्जंतुक नळीत घेऊन कल्चरला पाठवावेत; मूत्राशयातल्या लघवीत न सापडलेला जंतू याच नमुन्यात सापडतो. पू असताना कॉन्ट्रास्ट जोराने भरून सुंदर चित्र काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. भरल्या पोकळीत आणखी द्रव ढकलला, की जंतू रक्तात लोटले जातात आणि अर्ध्या तासात रुग्ण थंडीने कुडकुडू लागतो. आधी थोडे काढून घ्यावे आणि चित्रासाठी लागेल तेवढेच, म्हणजे काढले त्याहून कमी, भरावे. मूत्रवाहिनीचा तपशीलवार अभ्यास दोन-चार दिवसांनी, ताप उतरल्यावर, त्याच नळीतून निवांत करता येतो.

सुईतून गाइड वायर आत सरकवतात, सुई काढतात आणि वायरवरून क्रमाने जाड होत जाणारे डायलेटर नेऊन वाट रुंद करतात. वायर प्रत्येक टप्प्यावर सैलपणे पुढेमागे सरकली पाहिजे. ती अडली किंवा तिला मोड पडला, तर तिथेच थांबून क्ष-किरण पडद्यावर पाहावे, जोर लावू नये. शेवटी बहुधा ८ ते १२ फ्रेंच जाडीची नळी बसवतात. फ्रेंच हे माप मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाचे असते; म्हणजे ८ फ्रेंचची नळी पावणेतीन मिलिमीटरपेक्षाही किंचित बारीक असते. नळीचे आतले टोक डुकराच्या शेपटीसारखे वळते, आणि आत एक दोरा असतो, जो ओढून अडकवला, की ते वळण घट्ट राहते व नळी सहज निसटत नाही. हा दोरा पुढे नळी काढताना पुन्हा आठवावा लागतो. नळी त्वचेला टाक्याने किंवा चिकटपट्टीच्या खास साधनाने पक्की करून पिशवीला जोडतात. फुगलेल्या मूत्रपिंडात हे काम शंभरात ९५ हून अधिक वेळा यशस्वी होते. पोकळी फुगलेली नसेल, तर ते बरेच अवघड जाते.

खालून स्टेंट कसा बसवतात

यासाठी बहुधा भूल किंवा गुंगी देतात. मूत्राशयात दुर्बीण गेल्यावर मूत्रवाहिनीचे लहानसे, फटीसारखे तोंड शोधून त्यातून वायर वर नेतात. ती खड्याच्या बाजूने निसटून वर गेली, की कधी कधी वायरच्या कडेने साठलेली गढूळ लघवी धारेसारखी मूत्राशयात येते. अडथळा ओलांडल्याची ती खूण असते आणि नमुना घेण्याचीही तीच वेळ असते. मग वायरवरून स्टेंट सरकवतात. प्रौढांत तो साधारण २४ ते २८ सेंटिमीटर लांब आणि ६ फ्रेंच, म्हणजे दोन मिलिमीटर जाड असतो. वायर काढताच वरचे वळण मूत्रपिंडात आणि खालचे मूत्राशयात गुंडाळले जाते. दोन्ही वळणे क्ष-किरण चित्रात नीट दिसल्याखेरीज काम पूर्ण झाले असे मानू नये.

जंतुसंसर्ग असताना त्याच बैठकीत खडा फोडायला घेऊ नये. ‘एवढे आत गेलोच आहोत, तर खडाही काढून टाका’ असा आग्रह नातेवाईक धरतात, आणि तो समजण्यासारखाही आहे. पण खडा फोडताना आत दाबाने पाणी सोडावे लागते आणि तो दाब नासलेल्या लघवीला रक्तात ढकलतो. खड्याचा उपचार जंतुसंसर्ग पूर्ण आटोक्यात आल्यावर, वेगळ्या दिवशी करावा. अशा रुग्णाच्या मूत्राशयात काही काळ कॅथेटरही ठेवतात, कारण मूत्राशयातला दाब स्टेंटमधून थेट वर पोहोचू शकतो.

खालून वायर गेलीच नाही, तर पाठीतून नळी घालतात. पाठीतल्या नळीच्या वाटेने पुढे वरून खालीही स्टेंट सोडता येतो, आणि त्याने बाहेरची पिशवी सुटते.

पहिले दोन दिवस

नळीने मूत्रपिंड मोकळे झाल्यावर पहिल्या काही तासांत नाडी, रक्तदाब, ताप आणि लघवीचे प्रमाण वारंवार पाहावे लागते. जंतूंचा रक्तात शिरकाव होऊन प्रकृती अचानक ढासळण्याचा धोका याच वेळी सर्वाधिक असतो, त्यामुळे ‘काम झाले, आता झोपू द्या’ म्हणून दिवा मालवून निघून जाऊ नये. लघवीला गुलाबी छटा एक-दोन दिवस राहते आणि ती हळूहळू फिकट होत जाते. ती गडद लाल होत गेली, गुठळ्या पडू लागल्या किंवा हिमोग्लोबिन उतरले, तर रक्तवाहिनीला इजा झाली असण्याची शक्यता असते. तेव्हा सीटी स्कॅन आणि गरज पडल्यास आतूनच ती वाहिनी बंद करण्याची व्यवस्था लागते. श्वास घेताना छातीत कळ येणे किंवा पोट कडक होणे, हेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

दोन्ही मूत्रपिंडे किंवा एकुलते एक मूत्रपिंड तुंबलेले असेल, तर आणखी एक गोष्ट घडू शकते. अडथळा सुटताच लघवीचा पूर येतो. ताशी २०० मिलिलिटरहून अधिक लघवी काही तास सलग होत राहिली, तर वजन, रक्तदाब, सोडियम आणि पोटॅशियम यांवर लक्ष ठेवावे लागते. बाहेर गेले तेवढे सगळे शिरेतून परत दिले, तर आपणच तो पूर चालू ठेवतो. म्हणून बहुधा निम्म्याच्या आसपास भरपाई करतात आणि शुद्धीवर असलेल्या रुग्णाला तहानेप्रमाणे पाणी पिऊ देतात. पिशवी भराभर भरते याचा घरच्यांना आनंद होतो, पण प्रत्येक वेळी पिशवी रिकामी करताना आकडा लिहून ठेवणे हे त्या आनंदापेक्षा महत्त्वाचे आहे.

घरी निगा

पाठीतल्या नळीची निगा जितकी चांगली, तितके रुग्णालयाचे हेलपाटे कमी. पिशवी नेहमी मूत्रपिंडाच्या पातळीखाली असावी. झोपताना ती अंथरुणावर बाजूला न ठेवता खाली अडकवावी. ती अर्धी-अधिक भरली, की रिकामी करावी, कारण भरलेल्या पिशवीचे ओझे नळीला ओढते. पिशवीला हात लावण्याआधी आणि नंतर हात साबणाने धुवावेत. नळीला कुठे पीळ पडला नाही ना, ती कमरेच्या पट्ट्याखाली चेंगरली नाही ना, हे दिवसातून दोनदा तरी पाहावे, विशेषतः लघवी अचानक कमी झाली तर आधी हेच पाहावे. ड्रेसिंग साधारण आठवड्याने आणि ओले किंवा मळके झाले तर लगेच बदलावे. पाठीमागे आपला हात पोहोचत नाही, तेव्हा घरातल्या एका व्यक्तीने हे काम रुग्णालयातून निघण्यापूर्वी परिचारिकेसमोर स्वतः करून शिकून घ्यावे. नुसते पाहून घेतलेले घरी गेल्यावर आठवत नाही. अंघोळ ड्रेसिंग झाकून करावी. टबात बसणे आणि पोहणे टाळावे.

नळी धुण्यास सांगितले असेल, तरच ती धुवावी, आणि तेव्हाही ५ ते १० मिलिलिटर निर्जंतुक सलाईन हलक्या हाताने सोडावे. ते जात नसेल, तर जोर लावू नये. नळी थोडी बाहेर सरकली असे वाटले, तर ती आपण आत ढकलू नये. यासाठी एक साधी युक्ती उपयोगी पडते: पहिल्याच दिवशी नळी त्वचेतून जिथे बाहेर पडते तिथे तिच्यावर पेनाने खूण करून ठेवावी. नळी पूर्ण निघून आली, तर त्या जागी स्वच्छ गॉज ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पहिल्या काही आठवड्यांत वाट पक्की झालेली नसते आणि ती काही तासांत मिटू लागते. लवकर पोहोचल्यास कधी कधी त्याच वाटेने नवी नळी घालता येते.

स्टेंट असलेल्या रुग्णाला बाहेर काही दिसत नाही, पण आत तो जाणवतो. पाच रुग्णांपैकी सुमारे चौघांना काही ना काही त्रास होतो: वारंवार लघवीला जावे लागणे, घाई होणे, लघवी करताना कुशीत कळ येणे, चालल्यावर लघवी लालसर होणे. हे स्टेंटचे स्वभावदोष आहेत, आजार बळावल्याची चिन्हे नव्हेत, हे आधी सांगितले, तर रुग्ण घाबरत नाही. टॅम्सुलोसिनसारख्या औषधाने यांतला बराच त्रास कमी होतो. पाणी भरपूर प्यावे, मात्र हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर ती पाळावी.

थंडी वाजून ताप येणे, नळीतून लघवी थांबून कुशीत दुखू लागणे, गडद लाल रक्त किंवा गुठळ्या येणे, नळीच्या बाजूने लघवी किंवा पू झिरपणे आणि नळी निघून येणे, यांतले काहीही झाले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

नळी बाहेर येण्याची तारीख

स्टेंट बसवलेल्या एका रुग्णाला पुढे त्रास न झाल्यामुळे तो स्टेंट आत असल्याचेच विसरला आणि जवळजवळ तीन वर्षांनी परत आला. तोवर स्टेंटच्या दोन्ही टोकांवर खडे चढले होते. जे काम दुर्बिणीतून काही मिनिटांत झाले असते, त्यासाठी त्याला एकाहून अधिक शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या. त्या माणसाचा चेहरा मला अजून आठवतो, आणि म्हणूनच मी स्टेंट बसवताना काढण्याची तारीख रुग्णाच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहितो, घरच्या एका व्यक्तीच्या मोबाईलमध्ये तिची आठवण लावून घेतो आणि विभागाच्या नोंदवहीतही ती उतरवतो. नेहमीचा स्टेंट तीन महिन्यांच्या आसपास, फार तर सहा महिन्यांत काढावा किंवा बदलावा. पाठीतली नळीही दीर्घकाळ ठेवायची असेल, तर साधारण दोन-तीन महिन्यांनी बदलावी लागते.

पाठीतली नळी काढण्याआधी खालची वाट खरोखर मोकळी झाली आहे का, हे पाहतात. नळीतून हळूहळू कॉन्ट्रास्ट सोडून ते मूत्राशयात उतरते का ते पाहावे, मग नळी काही तास ते एक दिवस बंद ठेवून कळ, ताप किंवा बाजूने गळती होते का याची नोंद घ्यावी. सगळे ठीक असेल, तर नळी काढता येते. काढताना आधी तो आतला दोरा सोडवायचा असतो. तो तसाच अडकलेला असताना नळी ओढली, तर वळण उलगडत नाही आणि मूत्रपिंडाचे ऊतक फाटून रक्तस्राव होतो. अडथळा जाणवल्यास क्ष-किरणाखाली, वायर घालून, वळण सरळ करून मगच नळी बाहेर घ्यावी. जागेवर गॉजची घडी दाबून पट्टी लावतात. ती पहिल्या दिवशी लघवीने ओली होते, दुसऱ्या दिवशी कमी होते, आणि खालची वाट मोकळी असेल, तर दोन-तीन दिवसांत पाठीवर कोरडी खपली तेवढी उरते.